अर्ध्या अँपिअरचा दिवा : प्रस्तावना

या पुस्तिकेतली सगळी चर्चा फिरून फिरून अर्ध्या अँपिअरपाशी येते. सायकलच्या पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेलं जनित्र ताशी पंधरा किलोमीटरने फिरवा, पंचविसाने फिरवा, की घाटउतारावर पन्नासने. दिवा जोडलेला असताना त्यातून निघणारा प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो. एवढं समजलं की दिवा कुठला घ्यावा, एक बल्ब गेला की दुसराही का जातो, चार्ज होता होता फोन मध्येच का रुसतो, अशा बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपसूक मिळतात. नाही समजलं, तर माणूस बॅटरीवर चालणारा सहा व्होल्टचा दिवा आणतो, हबला जोडतो आणि पहिल्या मोठ्या उतारावर तो जाळून घेतो.

डायनामो म्हटलं की आपल्याकडे चाळिशीपुढच्या माणसांना आठवते ती टायरच्या कडेला टेकणारी छोटी बाटली. खटका दाबला की ती टायरवर पडायची, घर्रर्र आवाज सुरू व्हायचा आणि सायकल एकदम जड व्हायची. त्याआधीच्या पिढीकडे रॉकेलचे दिवे होते. रात्री विनादिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवायचे, चाकातली हवा सोडायचे, आणि पुढच्या चौकापर्यंत सायकल हातात धरून न्यावी लागायची, या गोष्टी पुण्यातल्या कुठल्याही जुन्या घरात अजून ऐकायला मिळतात. त्या काळात डायनामो असणं ही थोडी चैनच होती. पण चैनीची ही वस्तू भरवशाची कधीच नव्हती, आणि त्याची कारणं पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण तारेचं. त्या डायनामोपासून दिव्याकडे एकच तार जायची. विजेची परतीची वाट म्हणजे सायकलचा सांगाडा. डायनामोच्या पट्टीला एक टोकदार स्क्रू असे. तो आवळला की त्याचं टोक रंगाचा थर फोडून आतल्या लोखंडाला भिडायचं आणि मंडळ पूर्ण व्हायचं. दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरला की दिवा लुकलुकायला लागायचा. मग मालक बल्ब बदलायचा, तार बदलायचा, शेवटी डायनामोच बदलायचा. बिघाड मात्र त्या स्क्रूच्या टोकाशी, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत असायचा. दुसरं कारण घर्षणाचं. त्या बाटलीचं चक्र जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासाचं. सायकल ताशी वीस किलोमीटरने चालली तर ते मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेतं. ओल्या टायरवर ते घसरतं, म्हणजे दिव्याची गरज सर्वांत जास्त असते त्या धो धो पावसाच्या रात्रीच नेमका दिवा जातो. शिवाय सायकलस्वार जेवढी शक्ती त्यात घालतो तिच्यातली वीस ते चाळीस टक्केच वीज होऊन बाहेर पडते. बाकीची टायरच्या आणि चक्राच्या उष्णतेत जाते.

हबमधलं जनित्र या दोन्ही दुखण्यांवर एकाच वेळी उपाय करतं. घासायला काही नाही, घसरायला काही नाही. तांब्याच्या तारेचं वेटोळं आसाभोवती गुंडाळून पक्कं बसवलेलं असतं. ते फिरत नाही. हबचं कवच फिरतं आणि त्याच्या आतल्या बाजूला चुंबकांचं कडं असतं. वेटोळ्याच्या दोन्ही अंगांनी लोखंडाच्या पात्यांचे दाते आलेले असतात आणि ते एकमेकांच्या फटींत शिरून बसतात. चुंबकाचा उत्तर ध्रुव एका बाजूच्या दात्यासमोरून जातो, लगेच दक्षिण ध्रुव जातो, आणि वेटोळ्यातला चुंबकीय प्रवाह उलटसुलट होत राहतो. वेटोळं स्थिर असल्यामुळे ब्रश लागत नाहीत. तारा आसातून बाहेर काढता येतात, आणि परतीच्या वाटेसाठी सांगाड्यावर विसंबावं लागत नाही.

अडचण एकच आहे. बाटलीचं चक्र मिनिटाला हजारो फेरे घेतं, पण सायकलचं चाक त्याच वेगाला सेकंदाला अडीच-पावणेतीन फेऱ्यांपलीकडे जात नाही. एवढ्या सावकाश फिरणाऱ्या यंत्रातून कामाची वीज काढायची तर ध्रुव पुष्कळ हवेत. आजच्या बऱ्याच हबमध्ये 26 ध्रुव असतात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात विजेची 13 आवर्तनं. ताशी वीस किलोमीटरला सेकंदाला साधारण 34 आवर्तनं होतात. ताशी पाचला नऊसुद्धा भरत नाहीत. पायी चालण्याच्या वेगाने सायकल ढकलताना जुना दिवा डोळ्यांदेखत मिणमिणतो तो याच हिशोबाने.

हे काम पहिल्यांदा बाजारात नेऊन दाखवलं ते इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने. आपल्याकडे घरोघरी 'रॅले' म्हणून माहीत असलेल्या सायकलींच्याच गोतावळ्यातली ही कंपनी. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा 'डायनोहब' आला. सुरुवातीला बारा व्होल्टचा, मग आठचा, आणि शेवटी जो वर्षानुवर्षं टिकला तो सहा व्होल्ट, दोन वॉटचा. डबड्यासारखा फुगीर हब असलेली ती चाकं विलायतेत अजून चालू स्थितीत सापडतात. त्या चुंबकाचा एक स्वभाव होता. दुरुस्तीसाठी हब उघडून चुंबकाचं कडं आतल्या लोखंडापासून वेगळं केलं, आणि त्या जागी दुसरं लोखंड लगोलग बसवलं नाही, तर चुंबक कमजोर पडायचं. हौसेने हब उघडून पाहणाऱ्या किती जणांनी आपले दिवे असे कायमचे मंद करून घेतले असतील कोण जाणे. 1984 मध्ये डायनोहबचं उत्पादन थांबलं.

मधला काही काळ हा विषय संपल्यात जमा होता. त्याला पुन्हा जीव आला तो 1990 च्या दशकात, जर्मनीतल्या ट्युबिंगन गावच्या विल्फ्रीड श्मिट यांच्या हबमुळे. 'सोन' या नावाने ते हब आज जगभर ओळखले जातात. श्मिट यांनी बारीकसारीक गोष्टींत घातलेलं लक्ष थक्क करणारं आहे. एकच पाहा. उन्हात तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगच्या सीलमधून ओलावा आत ओढला जातो. यावर त्यांनी दाब सारखा राखणारी बारीक नळी बसवली, म्हणजे हवेची ये-जा तिच्यातून होते आणि बेअरिंग कोरडं राहतं. पावसाळ्यात ओढा ओलांडणाऱ्या माणसाला याची किंमत लगेच कळेल. जपानी शिमानो कंपनीने मात्र हाच प्रकार सामान्य माणसाच्या खिशात बसवला. जपानमध्ये बाजारहाटाच्या साध्या सायकलींनाही हब डायनामो असतो आणि अंधार पडला की दिवा आपोआप लागतो. लंडनच्या सार्वजनिक भाड्याच्या सायकलींतही तोच आहे, कारण हजारो सायकलींचे दिवे रोज रात्री चार्ज करत बसायला कुणाला फुरसत असणार?

आता त्या अर्ध्या अँपिअरकडे येऊ. वेग वाढला की वेटोळ्यात निर्माण होणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, त्याच प्रमाणात वाढतो. मग प्रवाहही वाढायला हवा. पण वेटोळ्याला स्वतःचं प्रेरकत्व असतं, आणि प्रेरकत्वाचा विजेला होणारा विरोध आवर्तनांच्या वेगावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट, आवर्तनं दुप्पट, विरोधही दुप्पट. दुपटीला दुपटीने भागलं की उत्तर होतं तेच. म्हणून ठरावीक वेगाच्या वर गेलं की प्रवाह वाढायचा थांबतो. कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही, फ्यूज नाही, स्विच नाही. यंत्र आपला आवर आपणच घालतं. दोन्ही तारांची टोकं एकमेकांना जोडून शॉर्ट केली तरी हब जळत नाही, अर्ध्या अँपिअरच्या थोडं वर जाऊन गप्प बसतो. उलट काहीच न जोडता उतारावरून सुटलात तर टोकांवर दिव्याला लागतात त्याच्या कितीतरी पट व्होल्ट चढतात. म्हणूनच हबवर 'सहा व्होल्ट, तीन वॉट' असं छापलेलं असलं तरी त्यातले सहा व्होल्ट हबचे नसून दिव्याचे आहेत. बारा ओहमच्या दिव्यातून अर्धा अँपिअर गेला की त्याच्या टोकांवर सहा व्होल्ट दिसतात, इतकंच.

जुन्या बल्बांचा दुहेरी मृत्यूही यातूनच यायचा. पुढचा बल्ब 2.4 वॉटचा, मागचा 0.6 वॉटचा. दोघं मिळून तीन. पुढच्याच्या वाट्याला 0.4 अँपिअर, मागच्याच्या वाट्याला 0.1. आता समजा पुढचा बल्ब खड्ड्यातल्या दणक्याने गेला. हबला त्याचं काही नाही. तो अर्धा अँपिअर देतच राहतो आणि तो सगळा बिचाऱ्या मागच्या बल्बमध्ये घुसतो, त्याच्या ताकदीच्या पाचपट. क्षणभर लख्ख उजेड पडतो, आणि मग दोन्हीकडे काळोख. दुकानदार 'डायनामो जास्त करंट मारतोय' म्हणायचे. डायनामो नेहमीइतकाच देत होता, घेणारा एक कमी झाला होता.

एलईडी आली आणि हबचा हा स्वभाव दोष न राहता गुण ठरला. एलईडीला ठरलेला प्रवाह लागतो. दाबाचं ती स्वतः पाहून घेते. पांढऱ्या एलईडीतून अर्धा अँपिअर गेला की तिच्यावर तीन व्होल्टच्या आसपास दाब पडतो. दोन एलईडी एकामागोमाग एक जोडल्या की सहा व्होल्ट, तीन वॉट. बॅटरीवरच्या दिव्यात प्रवाह आवरायला जे सर्किट घालावं लागतं ते काम इथे हब फुकटात करतो. मधे फक्त उलटसुलट वीज सुलट करणारा चार डायोडचा पूल हवा. तिथेही एक खाचखळगा आहे. साधा सिलिकॉन डायोड सुमारे 0.7 व्होल्ट खातो, आणि पुलात एका वेळी दोन डायोड वाटेत येतात. सहा व्होल्टातले 1.4 तिथेच गेले, जवळजवळ पाव हिस्सा. शॉट्की जातीचे डायोड वापरले तर हीच गळती निम्म्यावर येते. घरी दिवा बनवणाऱ्यांनी ही काही रुपयांची काटकसर करू नये.

सिग्नलला थांबलं की दिवा बंद, हा डायनामोवरचा जुना आक्षेप. तोही आता उरलेला नाही. मागच्या दिव्यात एक फॅरडचं छोटं कपॅसिटर बसवतात. साडेपाच व्होल्टपर्यंत भरलेल्या अशा कपॅसिटरमध्ये सुमारे पंधरा ज्यूल ऊर्जा मावते. थांबल्यावर लाल एलईडीला वॉटचा विसावा भाग पुरतो. पंधराला विसाव्या भागाने भागा, तीनशे सेकंद आले. त्यातली सगळी काही वापरता येत नाही, म्हणून चार मिनिटं धरायची. कुठलाही सिग्नल याहून मोठा असेल तर दोष दिव्याचा नव्हे.

दिव्याच्या उजेडाबद्दल मला थोडं परखड बोलायचं आहे. आपल्याकडे सायकलवाले आता बाजारातल्या टॉर्च लावतात. 'हजार ल्यूमेन' असं खोक्यावर असतं आणि समोरून येणाऱ्याला आंधळं करणारा गोल झोत असतो. निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर, उरलेल्यातला बराचसा समोरच्याच्या डोळ्यांत. डायनामोचा दिवा बनवणाऱ्यांना ही उधळपट्टी परवडत नाही, कारण हातात तीनच वॉट आहेत. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलच्या दिव्याचा झोत वरून सरळ रेषेत कापलेला असावा लागतो, मोटारीसारखा, आणि दहा मीटरवर सर्वांत उजळ जागी किमान दहा लक्स पडावे लागतात. हॅलोजनच्या काळात चांगले दिवे कसेबसे पंधरा-वीस लक्सपर्यंत जायचे. त्याच विजेवर माइनर्झहागेनच्या बुश उंड म्युलर कंपनीचे आजचे दिवे साठ आणि शंभर लक्सपर्यंत जातात. हबची वीज वाढलेली नाही. सुधारणा झाली ती एलईडीत आणि त्याहून जास्त आरशात. 2013 पर्यंत जर्मनीत, अकरा किलोच्या आतल्या शर्यतीच्या सायकली सोडल्या, तर डायनामो कायद्यानेच सक्तीचा होता. त्या सक्तीला तिथले लोक कंटाळले होते हे खरं, पण तिच्यामुळेच हे आरसे घडले, असं माझं मत आहे.

दिवा सायकलीचाच असणं आणि खिशात घालून आणलेला असणं यात आणखी एक फरक आहे, आणि तो मोजूनही पाहिलेला आहे. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात 2004-05 मध्ये 3,845 सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या सायकलींना, आऱ्यांवर चुंबक बसवून चाकाच्या फिरण्यावरच चालणारे दिवे दिले. हे दिवे बंद करायची सोयच नव्हती, दिवसाढवळ्याही लागलेले. वर्षभरात या गटात इजा झालेले अपघात दुसऱ्या गटापेक्षा 19 टक्क्यांनी कमी भरले. ते दिवे हब डायनामोचे नव्हते आणि उजेडानेही किरकोळ होते. पण लावायला विसरता न येणारा दिवा काय करतो ते त्यातून दिसतं.

महाराष्ट्रात हब डायनामोची गरज खऱ्या अर्थाने कळली ती ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीतली लांब पल्ल्याची सायकलसफर, करणाऱ्यांना. ऑडॅक्स इंडियाच्या नियमांप्रमाणे 300 किलोमीटर वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत आणि 600 चाळीस तासांत पुरे करायचे असतात, म्हणजे एक-दोन रात्री रस्त्यावर जाणारच. पुढे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची 1200 किलोमीटरची वारी करायची तर नव्वद तासांची मुदत. अशा वेळी बॅटरीचा दिवा पहाटे तीनला मान टाकतो आणि धाब्यावरचा एकमेव प्लग कुणीतरी आधीच अडवलेला असतो. हबवाला त्या रांगेत नसतो. त्याची अडचण वेगळी. ताम्हिणीच्या चढावर ताशी सहा-सातने कण्हत जाताना त्याचा झोत मंदावतो. चढावर फार पुढचं दिसायची गरज नसते म्हणून ते चालतं, आणि माथ्यावरून सुटल्याबरोबर, जेव्हा खरोखर पाहायचं असतं, तेव्हा दिवा पूर्ण तेजाने लागतो. अंधारात पंक्चर काढायला मात्र कपाळावरची बॅटरी जवळ ठेवा.

पायांना याचा भार किती? तीन वॉट वीज आणि साठ-पासष्ट टक्के कार्यक्षमता धरली तर दिवा लावल्यावर साधारण पाच वॉट जास्त लागतात. निवांत सायकल मारणारा माणूस शंभर वॉटच्या आसपास काढतो. हवा कमी असलेल्या टायरने याहून जास्त शक्ती खाल्ली तर आपण तक्रार करत नाही. तरी नवा हब हातात घेऊन आस फिरवणारा प्रत्येक जण दचकतो, कारण तो अडखळत, गचके देत फिरतो. ते गचके चुंबकाच्या ओढीचे आहेत. चुंबक दात्याकडे जाताना जेवढं ओढतं तेवढंच पुढे ढकलूनही देतं; चाक फिरायला लागलं की हिशोब जवळजवळ फिटतो. दुकानात हब फिरवून 'हा जड आहे' असा निवाडा करू नका.

मोबाइल चार्जिंगचं प्रकरण आम्ही शेवटी टाकलं आहे, आणि ते मुद्दाम. आजकाल बरेच जण दिव्यासाठी नव्हे तर फोनसाठीच हब घेतात. हिशोब असा: चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे पंधरा वॉट-तास मावतात. दिवा बंद ठेवून, ताशी वीसच्या चालीने, दोन-अडीच वॉट पदरात पडले तर ती भरायला सहा-सात तास लागतात, आणि त्या काळात फोन स्वतःही खात असतो. शिवाय सिग्नलला दाब पडला की फोन चार्जरशी फारकत घेतो, आणि कित्येकदा चाक पुन्हा फिरल्यावरही जुळवून घेत नाही. मधे छोटी पॉवर बँक ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. दिवसा ती भरा, रात्री वीज दिव्याला द्या.

हब डायनामो सगळ्यांनी घ्यावा असं या पुस्तिकेचं म्हणणं नाही. घर ते कचेरी चार किलोमीटर आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत, अशा माणसाला चार्ज होणारा बरा दिवा पुरतो. भारतात चांगला हब बहुधा बाहेरून मागवावा लागतो. जर्मन हबच्या किमतीत आपल्याकडे एक बरी सायकल येते. शिवाय चाक नव्याने बांधावं लागतं. चाक बांधून आउट काढणारा जाणता कारागीर गावात असेल तर त्याला आधी विचारा, त्याच्याशी बोलून हबची भोकं ठरवा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या रिमला 32 भोकं असतात आणि 32 भोकांचे हब मिळतात, एवढं सुदैव. मात्र बहुतेक हब 100 मिलिमीटर रुंदीच्या चिमट्यासाठी बनतात, आणि जुन्या सायकलींचा चिमटा त्याहून अरुंद असतो, आसाची खाचही बारीक असते. चिमटा जोर लावून फाकवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी पुढचं चाक काढा, पट्टी घ्या आणि चिमट्याच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा. 100 मिलिमीटर भरलं तर सरळ पुढे वाचा. कमी भरलं तर चिमटा बदलण्याचं प्रकरण आधी वाचा, आणि त्यानंतरच हबचे पैसे भरा.